सापशिडीच्या चारशे ओळी आणि छप्पनवरचा साप

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि प्रोजेक्टसाठी पायथनमध्ये सापशिडी लिहिली आहे. ग्राफिक्स नाही. टर्मिनलवर पट छापला जातो, एंटर दाबलं की दान पडतं आणि सोंगटी सरकते. पट घेतलाय अमेरिकेतल्या मिल्टन ब्रॅडली कंपनीच्या ‘शूट्स अँड लॅडर्स’चा. त्या खेळात सापांच्या जागी घसरगुंड्या असतात, तुम्ही परत साप केलेत. नऊ शिड्या, दहा साप, दोन खेळाडू. फाइल झाली ४१२ ओळींची. सर म्हणाले, लहान करून आणा. मग तुम्ही ती ६१ ओळींवर आणलीत आणि आता ती तुमची तुम्हालाच वाचता येत नाही. ‘लहान’ आणि ‘स्वच्छ’ यांचा मेळ कसा घालायचा, हा तुमचा प्रश्न.

शेवटी जाता जाता तुम्ही आणखी एक वाक्य लिहिलंत. कधी कधी सोंगटी सापावर पडते, खालीही येते, पण ‘सापाने गिळलं’ हा संदेश छापला जात नाही. मोठ्या फाइलमध्येही हे होत होतं, छोट्या फाइलमध्येही होतं.

मी या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच दडलंय.

दोन्ही फाइलींत साप ओळखण्याची अट एकच आहे: नवं घर जुन्या घरापेक्षा लहान असेल तर साप. वाचायला बरोबर वाटते. साप म्हणजे मागे जाणं, हे आपण लहानपणापासून मानत आलोय. आता पट समोर घ्या आणि ५२व्या घरात सोंगटी ठेवा. दान पडलं ४. सोंगटी ५६वर टेकली. ५६वर सापाचं तोंड आहे, शेपटी ५३वर. सोंगटी ५३ला आली. जुनं घर ५२, नवं घर ५३. साप चावला, तरी सोंगटी एक घर पुढेच गेली! तुमची अट म्हणते, मागे गेलो नाही, म्हणजे साप नाही.

या पटावर असे दोन आखूड साप आहेत, ५६ वरून ५३ आणि ६४ वरून ६०. बाकीचे आठ इतके लांब आहेत की सहाच्या दानानेही ते अंतर भरून निघत नाही. म्हणून ही चूक फक्त ५०, ५२, ५३ आणि ५८, ५९, ६० या सहा घरांतून, आणि तेही प्रत्येक ठिकाणी एकाच विशिष्ट दानाला दिसते. (५१चं नाव मी घेतलं नाही, कारण तिथे शिडी आहे आणि त्या घरात कुणी थांबतच नाही.) तुम्हाला ती ‘कधी कधी’ दिसली याचं कारण हे. नशिबाचा भाग त्यात काही नाही.

ही चूक तुमच्या हातून का झाली, ते नीट बघा. सोंगटी हलवणाऱ्या कोडला साप आहे हे पक्कं माहीत होतं, त्यानेच तर सोंगटी खाली आणली. पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही. संदेश छापणाऱ्या कोडने मग फक्त आधीचं आणि नंतरचं घर बघून काय घडलं असेल याचा अंदाज बांधला. साप म्हणजे काय, हे तुमच्या प्रोग्रॅममध्ये दोन जागी लिहिलंय आणि त्या दोन जागांचं एकमत नाही. ४१२ ओळींच्या ६१ झाल्या तरी त्या दोन जागा तशाच राहिल्या, म्हणून चूकही तशीच राहिली. कोड लहान करताना तुम्ही अक्षरं कमी केलीत. कमी करायचं असतं ते एकच गोष्ट दोनदा सांगणं.

खाली जो कोड देतोय तो मी मराठी शब्दांत लिहिलाय. ‘जर’ म्हणजे इफ, ‘परत दे’ म्हणजे रिटर्न, बाकी सगळं पायथनला ओळीला ओळ जुळतं. आमच्याकडे नवीन मुलं कामाला येतात तेव्हा त्यांना मी पहिले काही दिवस कागदावर असंच लिहायला लावतो. नियम मराठीत सरळ सांगता आला तरच तो डोक्यात सरळ आहे, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव. पायथनमध्ये उतरवताना आकडे मात्र इंग्रजीच ठेवा, कोडमध्ये देवनागरी आकडा लिहिला की चूक दाखवली जाते.

आधी पट.

    उड्या = {
        १: ३८,  ४: १४,  ९: ३१,  २१: ४२,  २८: ८४,
        ३६: ४४,  ५१: ६७,  ७१: ९१,  ८०: १००,
        १६: ६,  ४७: २६,  ४९: ११,  ५६: ५३,  ६२: १९,
        ६४: ६०,  ८७: २४,  ९३: ७३,  ९५: ७५,  ९८: ७८,
    }

ही साधी डिक्शनरी आहे. डावीकडे सोंगटी जिथे टेकते ते घर, उजवीकडे ती जिथे पोचते ते. तुमच्या मोठ्या फाइलमध्ये याच माहितीसाठी ‘घर २८ असेल तर घर ८४ कर आणि शिडीचा संदेश छाप’ अशा तीन-तीन ओळी होत्या. उड्या १९, खेळाडू दोन आणि प्रत्येकासाठी वेगळी प्रत. म्हणजे ११४ ओळी. त्यातल्या ओळीत चूक होती असं नाही, पण ११४ ओळी डोळ्यांनी तपासाव्या लागतात आणि ही सहा-सात ओळींची यादी पटाशेजारी धरून एका मिनिटात ताडून बघता येते.

यावरून माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट सांगतो. मी ज्या कंपनीत होतो तिथे बिलांचं सॉफ्टवेअर होतं. इतक्या युनिटपर्यंत हा दर, त्यापुढे तो, असे दराचे टप्पे कोडमध्येच अटी म्हणून लिहिलेले होते, आणि तेही बऱ्याच फाइलींत. दर बदलले. आम्ही दोघांनी बसून सगळीकडे बदल केले, एक जागा राहिली. महिनाभर ठरावीक ग्राहकांची छापील बिलं आणि पडद्यावरची रक्कम वेगवेगळी येत होती. एका वयस्कर गृहस्थांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ते दाखवलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून आकडे दिसले की मी आधी विचारतो, याची यादी कुठे आहे? तुमचे साप आणि शिड्या म्हणजे तसेच आकडे आहेत.

यादी केल्याचा आणखी एक फायदा. ती तपासता येते. शिडीने वर गेलो आणि तिथेच सापाचं तोंड असेल तर काय, हा प्रश्न खेळताना पडतो. या पटावर तसं कुठेही नाही. पण उद्या तुम्ही पट बदललात तर? उजवीकडचा कुठलाही आकडा डावीकडे असता कामा नये, अशी एक ओळ असर्ट म्हणून खाली टाका. पट चुकला तर प्रोग्रॅम सुरू होतानाच थांबेल, डावाच्या मध्यात नाही.

आता नियम. पहिल्या झटक्यात मी असा लिहिला असता:

    फंक्शन चाल(घर, दान):
        टेकलं = घर + दान
        जर टेकलं > १००: परत दे घर
        परत दे उड्या[टेकलं], तिथे नोंद नसेल तर टेकलं

तीन ओळींत खेळाचा सगळा नियम. शेवटच्या ओळीसाठी पायथनच्या डिक्शनरीत ‘गेट’ आहे. त्याला दुसरा आकडा दिला की नोंद नसताना तोच परत मिळतो, त्यामुळे ‘साप आहे का, शिडी आहे का, काहीच नाही का’ अशा तीन अटी लागतच नाहीत. मला हा प्रकार मनापासून आवडतो.

पण इतक्यावर थांबलं तर तुमची ५६ची चूक परत येणार. हे फंक्शन घर सांगतं, काय घडलं ते सांगत नाही. संदेश छापणाऱ्याला पुन्हा अंदाजच बांधावा लागणार. कुणी म्हणेल, नवं घर ‘जुनं अधिक दान’ यापेक्षा लहान असेल तर साप म्हणा. ५६ला ते बरोबर येईल. मग ९७वर उभे राहून ५ टाका. दान जास्त झालं, सोंगटी जागेवरच राहिली, आणि ९७ हा १०२पेक्षा लहान आहे म्हणून पडद्यावर ‘सापाने गिळलं’! एक चूक काढून दुसरी घातली. म्हणून ज्याला माहीत आहे त्यानेच सांगावं:

    फंक्शन चाल(घर, दान):
        टेकलं = घर + दान
        जर टेकलं > १००: परत दे घर, “अडला”
        शेवट = उड्या[टेकलं], तिथे नोंद नसेल तर टेकलं
        जर शेवट < टेकलं: परत दे शेवट, “साप”
        जर शेवट > टेकलं: परत दे शेवट, “शिडी”
        परत दे शेवट, “चाल”

तिनाच्या सहा ओळी झाल्या. वाढल्या तरी मला चालतं. तुलना कशाशी केलीय बघा: जुन्या घराशी नाही, जिथे सोंगटी टेकली त्या घराशी. साप म्हणजे टेकलेल्या जागेवरून खाली जाणं. आपण पटावर बोट ठेवून खेळतो तेव्हा हेच म्हणतो, फक्त कोड लिहिताना ते निसटलं होतं. संदेशांचीही एक छोटी डिक्शनरी करा, ‘साप’, ‘शिडी’, ‘अडला’ यांना आपापलं वाक्य द्या आणि ‘चाल’ला रिकामं. छापणाऱ्या भागात मग एकही अट उरत नाही.

या फंक्शनमध्ये छापणं नाही, फासा नाही, कुणाची पाळी आहे हे नाही. दोन आकडे आत जातात, एक आकडा आणि एक शब्द बाहेर येतो. हे मुद्दाम आहे, त्याचा उपयोग तपासणीच्या वेळी दिसेल.

आता डाव. तुमच्या फाइलीत पहिल्या खेळाडूसाठी एक मोठा तुकडा आणि दुसऱ्यासाठी त्याचीच नक्कल आहे, ‘पी१’च्या जागी ‘पी२’ करून. म्हणूनच तिसरा खेळाडू घेता येत नाही. असं करा:

    फंक्शन डाव(संख्या, दान_टाक, सांग):
        घरं = शून्यांची यादी, संख्येइतकी
        पाळी = ०
        कायम:
            दान = दान_टाक()
            घरं[पाळी], घटना = चाल(घरं[पाळी], दान)
            सांग(पाळी, दान, घटना, घरं)
            जर घरं[पाळी] == १००: परत दे पाळी
            जर दान != ६: पाळी = (पाळी + १) % संख्या

शेवटच्या ओळीतलं टक्क्याचं चिन्ह म्हणजे भागाकाराची बाकी. तीन खेळाडू असतील तर पाळी ०, १, २ आणि परत ० अशी फिरते. सहा पडला की पुन्हा दान, हा तुमच्या घरचा नियम त्याच ओळीत बसला: सहा असेल तर पाळी पुढे सरकवायचीच नाही. घरोघरी हा नियम निराळा असतो. कुठे एक पडल्याशिवाय सोंगटी सुटत नाही, कुठे लागोपाठ तीन सहा पडले की तिन्ही बाद. सोंगटी सुटण्याचा नियम हवा असेल तर तो ‘चाल’मध्ये जाईल, कारण तो घर आणि दान यांच्याबद्दल आहे. तीन सहांचा नियम ‘डाव’मध्ये, कारण तो पाळीबद्दल आहे. नवा नियम आला की तो कुठे लिहायचा, याचा विचार अर्ध्या मिनिटात संपत असेल तर कोडची मांडणी बरोबर आहे असं मी समजतो.

घरांची यादी खेळाडूंच्या नावांनी न करता क्रमांकांनी केलीय, त्यालाही कारण आहे. दोघांनी एकच नाव टाकलं तर नावांच्या डिक्शनरीत दोघांची मिळून एकच सोंगटी होते. सुट्टीत चुलत भावंडं जमली आणि दोन ‘सोनू’ खेळायला बसले की हे होणारच. नावं फक्त छापताना वापरा.

‘दान_टाक’ आणि ‘सांग’ ही दोन फंक्शनं बाहेरून दिलीत, हे पहिल्यांदा विचित्र वाटेल. थेट रँडम वापरला असता तर दोन शब्द वाचले असते. पण आता बघा काय काय करता येतं. रोजच्या खेळात ‘दान_टाक’ म्हणजे एंटरची वाट बघून १ ते ६मधला आकडा देणारं फंक्शन. घरात खरा फासा असेल आणि आजीला तोच हातात घेऊन खुळखुळवायचा असेल तर ‘दान_टाक’ म्हणजे कीबोर्डवरून आकडा विचारणारं फंक्शन. आणि तपासायचं असेल तेव्हा आधीच ठरवलेल्या दानांच्या यादीतून एक-एक देणारं. ‘डाव’ला यातलं काहीच कळत नाही, आणि त्यात एक अक्षर बदलावं लागत नाही.

फासा लिहिताना एक काळजी घ्या. पायथनच्या रँडम मॉड्यूलमध्ये ‘रँडइंट’ला १ आणि ६ दिले की सहाही पडतो. ‘रँडरेंज’ला तेच दिले तर पाचपर्यंतच पडतं. अशा फाशाने खेळ चालतो, कुणी जिंकतंही, फक्त सहा कधीच पडत नाही, आणि हे लक्षात यायला बराच वेळ लागतो.

पट छापणं. इथे तुमच्या शंभराहून जास्त ओळी गेल्यात, कारण प्रत्येक घर हाताने छापलंय. सापशिडीचे आकडे कसे जातात? शेतात औत चालतं तसे. खालचा तास डावीकडून उजवीकडे, टोकाला बैल वळले की वरचा तास उजवीकडून डावीकडे. १ ते १० इकडून तिकडे, ११ ते २० तिकडून इकडे. खालची ओळ ० धरली तर विषम ओळी उलट्या, बस्स.

    ओळ ९ पासून ० पर्यंत उतरत:
        आकडे = ओळ * १० + १ पासून ओळ * १० + १० पर्यंत
        जर ओळ विषम: आकडे उलटे कर
        छाप प्रत्येक आकड्याचा चौकोन, पाच जागांत उजवीकडे टेकवून

वरच्या ओळीला ९ हा आकडा मिळतो, तो विषम आहे, म्हणून डावीकडे १०० आणि उजवीकडे ९१. बरोबर, १०० नेहमी डाव्या कोपऱ्यात असतं. चौकोनासाठी आणखी एक छोटं फंक्शन: त्या घरात ज्यांच्या सोंगट्या आहेत त्यांच्या खुणा जोडून दे, कुणी नसेल तर घराचा आकडा दे. चार खेळाडू एकाच घरात आले तरी चार खुणा पाच जागांत मावतात.

खुणा म्हणून इंग्रजी अक्षरं किंवा चिन्हं घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. मराठीवरचं माझं प्रेम कमी आहे म्हणून नव्हे. पायथन लांबी मोजतो ती युनिकोडच्या चिन्हांची, आपल्या अक्षरांची नाही. ‘शिडी’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पायथनला चार: श, वेलांटी, ड, वेलांटी. ‘साप’ तीन. ‘सोंगटी’ सहा. पाच जागांत उजवीकडे टेकव म्हटलं की तो त्या हिशोबाने मोकळी जागा सोडतो, आणि टर्मिनलवर मात्रा-वेलांट्यांना किती जागा मिळते हे टर्मिनलगणिक बदलतं. तुमच्या लॅपटॉपवर सरळ दिसणारा पट सरांच्या मशीनवर वाकडा दिसेल. नावाचं पहिलं अक्षर खूण म्हणून घ्यायचं म्हटलं तर ‘श्रुती’ आणि ‘शिल्पा’ दोघींना नुसता ‘श’ मिळतो. म्हणून पटात आकडे आणि साध्या खुणा ठेवा, आणि पटाखाली स्वच्छ मराठीत ‘श्रुती: ४ पडले, शिडी मिळाली, आता १४व्या घरात’ असं वाक्य छापा. वाक्याला रकाने जुळवायचे नसतात, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही.

इनपुटच्या बाबतीत मात्र पायथन आपल्याला साथ देतो. किती खेळाडू, असं विचारल्यावर कुणी मराठी कीबोर्डवरून ‘४’ टाइप केलं तरी ‘इंट’ त्याचा चार करून देतो, वेगळं काही करावं लागत नाही. आधी तपासायचं असेल तर ‘इझडिजिट’ न वापरता ‘इझडेसिमल’ वापरा. वर्गाचा चिमुकला दोन ‘इझडिजिट’मधून सुटतो आणि पुढे ‘इंट’ला अडकतो.

व्हेरिएबलची नावंही पायथन ३मध्ये देवनागरीत ठेवता येतात. स्वतःसाठी लिहिताना जरूर ठेवून बघा, ‘घरं[पाळी]’ वाचायला फार छान वाटतं. फक्त काही कीबोर्ड ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा र लिहिताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात, आणि तेवढ्यावरून पायथन ती ओळ नाकारतो. डोळ्यांना काहीच चुकलेलं दिसत नाही. चार जणांत मिळून काम असेल तर मी इंग्रजी नावंच घेतो.

तुम्ही विचारलंय की खेळाडू, फासा, पट, साप, शिडी असे क्लास (माहिती आणि तिच्यावर काम करणारी फंक्शनं एकत्र ठेवणारे साचे) करू का, कारण अभ्यासक्रमात ते आहे. साप आणि शिडी यांचं वागणं वेगळं असतं तर करा म्हणालो असतो. पण दोघांचंही काम एकच आहे, इथून उचलून तिथे ठेवणं. दिशा आकड्यांतच आहे. त्यांना दोन क्लास, वर ‘उडी’ नावाचा एक सामायिक क्लास, असं केलं तर तीसेक ओळी वाढतील आणि नियम शोधायला तीन जागी जावं लागेल. सरांना क्लास हवाच असेल तर एकच करा, ‘डाव’, आणि त्यात घरं आणि पाळी ठेवा. बदलणाऱ्या गोष्टी त्या दोनच आहेत. उड्या बदलत नाहीत, नियम बदलत नाही.

तुमच्या ६१ ओळींबद्दल स्पष्ट बोलतो. त्यातली सोंगटी हलवणारी ओळ एकात एक तीन अटी, त्यात लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) आणि त्यात लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (एकाच ओळीत यादी बनवणं) अशी आहे, नावं एका-एका अक्षराची. ती लिहायला तुम्हाला डोकं लागलं, हे मला दिसतंय. पण ५६ची चूक त्या ओळीत शोधायला मला जितका वेळ लागला त्यापेक्षा कमी वेळ तुमच्या ४१२ ओळींच्या फाइलीत लागला. दोन्हींपैकी एक निवडायला सांगितलं तर मी मोठी निवडेन. मी सांगितलेल्या मांडणीने सगळं मिळून साठ-सत्तर ओळी होतील, मोकळ्या ओळी धरून, आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली तर आईलाही कळेल. हीच गोष्ट मी तपासणी म्हणून वापरतो: कोड वाचून दाखवताना जिथे ‘म्हणजे बघ, इथे असं आहे की’ म्हणावं लागतं, तिथे अजून काम बाकी आहे.

पटावरून आठवलं. सापशिडीचा आपल्याकडचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट. महाराष्ट्रातली परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यात शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि वर पोचायचं ते मोक्षाला. तुमच्या प्रोजेक्टमध्ये काही वेगळं दाखवायचं असेल तर हे करा: उड्यांच्या यादीत प्रत्येक नोंदीला एक नाव जोडा, लोभ, क्रोध, दया, जे असेल ते, आणि ‘चाल’ने घटनेबरोबर ते नावही परत द्यावं. यादी बदलेल, ‘चाल’च्या तीन-चार ओळी बदलतील, ‘डाव’ जवळजवळ जसाच्या तसा राहील. मला हा प्रयोग बघायला खरंच आवडेल.

आता तपासणी, कारण ती केल्याशिवाय हे सरांना देऊ नका.

पहिल्यांदा ‘चाल’ एकट्याने. ५२ आणि ४ दिले तर ५३ आणि ‘साप’ यायला हवं. ६० आणि ४ दिले तर ६० आणि ‘साप’, ही जागा मजेशीर आहे, सापाने गिळलेली सोंगटी जिथून निघाली तिथेच येते. ९७ आणि ५ दिले तर ९७ आणि ‘अडला’. ७८ आणि २ दिले तर १०० आणि ‘शिडी’. चार ओळी, एक सेकंद.

मग पूर्ण डाव, ठरलेल्या दानांनी. एकच खेळाडू घ्या आणि ‘दान_टाक’ला ही यादी द्या: ४, ६, ६, २, ६, ६, ४. सोंगटी १४, २०, २६, ८४, ९०, ९६ आणि १०० अशी जायला हवी. सात दानांत डाव संपला. या पटावर सातपेक्षा कमी दानांत कुणालाच जिंकता येत नाही.

आणि शेवटी एक लाख डाव एकट्याने खेळवा, ‘सांग’च्या जागी काहीच न छापणारं, फक्त दानं मोजणारं फंक्शन देऊन. काही सेकंदांचं काम आहे. एका डावाला लागणाऱ्या दानांची सरासरी ३९ आणि ४०च्या मध्ये यायला हवी, आणि सर्वांत छोटा डाव सातपेक्षा लहान नको. सरासरी लांब भरकटली तर आधी फाशात सहा पडतोय का ते बघा, मग उड्यांची यादी पटाशी पुन्हा ताडा. एखादा आकडा उलटा लिहिला गेला असेल तर तो इथे सापडू शकतो.

हे झालं की चालच्या त्याच चार तपासण्या तुमच्या जुन्या फाइलीतल्या सोंगटी हलवणाऱ्या भागावरही चालवून बघायचा प्रयत्न करा. तो भाग छापण्यातून आणि इनपुटातून सोडवायला किती ओळी उचकटाव्या लागतात ते मोजून ठेवा. तोंडी परीक्षेत सर ‘लहान करताना नेमकं काय केलंस’ असं विचारतील, तेव्हा तो आकडा आणि ५६चा साप, दोन्ही सांगा.